समीकरण, नित्यसमानता, राशी: बरोबरचं चिन्ह काय म्हणतंय ते ओळखायचं कसं

नागपुरात सीताबर्डीवर सकाळी तर्री-पोह्याच्या गाडीपाशी उभे आहोत असं समजा. एका प्लेटचा भाव क्ष रुपये. आता या तीन ओळी पाहा.

३क्ष + २० = १४०
३क्ष + ४क्ष = ७क्ष
३क्ष + २० = ३क्ष + ३०

पहिली ओळ सांगते की तीन प्लेटा आणि २० रुपयांचा चहा मिळून बिल १४० झालं. प्लेट ४० रुपयांची असेल तरच ही ओळ खरी, ३५ ची असेल तर खोटी. दुसरी ओळ म्हणते, तीन प्लेटांचे पैसे आणि चार प्लेटांचे पैसे मिळून सात प्लेटांचे पैसे. इथे भाव ४० असो, ६० असो, गाडीवाल्याने फुकट वाढलं तरी ओळ खरीच. तिसरीत तीन प्लेटा नि २० चा चहा यांचं बिल तीन प्लेटा नि ३० चा चहा यांच्या बिलाएवढं आलंय. कुठलाही भाव लावा, हे जमणार नाही.

पहिलं समीकरण, दुसरी नित्यसमानता, तिसरं उकल नसलेलं म्हणजे विसंगत समीकरण. तिन्हींत बरोबरचं चिन्ह एकच आणि लिहिण्याची पद्धतही एकच, म्हणून तर गोंधळ होतो. मोठ्या वर्गांच्या पुस्तकांत नित्यसमानतेसाठी कधी कधी तीन रेघांचं चिन्ह (≡) वापरतात, पण शाळेत सगळीकडे दोनच रेघा. त्यामुळे प्रत्येक ओळीला एक प्रश्न स्वतःच विचारावा लागतो: ही अक्षराच्या कोणत्या किमतींना खरी आहे?

(शाळेच्या वहीत इंग्रजी एक्स लिहितात. इथे जुन्या वळणाने क्ष आणि य घेतलेत. तोटा एकच, क्ष ला अ ने गुणलं की ‘अक्ष’ असा भलताच शब्द तयार होतो. म्हणून तिथे मध्ये टिंब देऊ: अ·क्ष.)

बरोबर नसेल तर सोडवायचं काय?

३क्ष + २० एवढंच लिहिलं असेल तर ती बैजिक राशी. ती कशाच्या बरोबर आहे असं कुणी म्हटलेलंच नाही, म्हणून ती खरी की खोटी हा प्रश्न उठत नाही आणि ती सोडवताही येत नाही. राशीला सरळ रूप देता येतं, तिचे अवयव पाडता येतात, विस्तार करता येतो, क्ष ची किंमत दिली असेल तर राशीची किंमत काढता येते.

नेहमीची चूक अशी. प्रश्न असतो, ‘क्ष² − ५क्ष + ६ चे अवयव पाडा.’ उत्तर (क्ष − २)(क्ष − ३), इथे थांबायचं. पण हात थांबत नाही. पोट्टे पुढे ‘= ०’ चिकटवतात आणि ‘क्ष = २ किंवा क्ष = ३’ लिहून मोकळे होतात. दिलेल्या राशीत शून्य कुठेच नव्हतं, ते घरून आणलं. उलट ‘क्ष² − ५क्ष + ६ = ० सोडवा’ असं विचारलं असताना अवयव पाडून थांबणं ही तितकीच मोठी चूक. म्हणून प्रश्नातलं क्रियापद आधी वाचा. ‘सोडवा’ समीकरणाला लागतं, ‘सिद्ध करा’ नित्यसमानतेला, आणि ‘सरळ रूप द्या’, ‘विस्तार करा’, ‘अवयव पाडा’ हे राशीला.

राशीच्या आतले शब्दही इथेच उरकून घेऊ. ७क्ष² − क्ष + ५ यात पदं तीन: ७क्ष², −क्ष आणि ५. पदाच्या मागचं चिन्ह पदाचंच असतं. सहगुणक अनुक्रमे ७ आणि −१, स्थिरपद ५. −क्ष चा सहगुणक काही जण ० सांगतात, कारण तिथे आकडा दिसत नाही. पण ० असता तर ते पदच उरलं नसतं. सगळ्यांत मोठा घातांक २, म्हणून या बहुपदीची (जिच्या पदांत अक्षराचे घातांक ०, १, २ असे पूर्ण असतात अशा राशीची) कोटी २. नुसत्या ५ ची कोटी ०, आणि शून्य बहुपदीची कोटी ठरवतच नाहीत.

पद आणि अवयव यांतला फरक मात्र उरकण्यासारखा नाही. बेरीज-वजाबाकीने जोडलेली ती पदं, गुणाकाराने जोडलेले ते अवयव. अंश-छेदातून काट मारता येते ती फक्त अवयवाला. (क्ष + ६)/६ मध्ये वरचा ६ हे पद आहे, त्याला खालच्या ६ शी काट मारून ‘क्ष’ लिहिता येत नाही. तसं लिहिणारा न सांगता असा दावा करतो की (क्ष + ६)/६ = क्ष ही नित्यसमानता आहे. सोडवून पाहा: क्ष + ६ = ६क्ष, म्हणजे क्ष = ६/५. फक्त एका किमतीला खरं असलेलं साधं समीकरण निघालं. वहीतली काट एकदा सोडून बाकी सगळ्या वेळी चुकीची.

ओळखण्याची रीत

बरोबरचं चिन्ह आहे आणि दोन्ही बाजूंना बहुपदी आहेत, असं धरून चालू.

१. एक आडवळणाची किंमत ठेवून पाहा. ०, १ आणि २ टाळा. शून्य गुणाकार गिळून टाकतं, एकाचा कितीही घात एकच, आणि २ तर फारच फसवं आहे, कारण २ + २, २ × २ आणि २² सगळ्यांचं उत्तर ४. त्यापेक्षा ३, ५ किंवा −२ घ्या.
२. बाजू जुळल्या नाहीत तर नित्यसमानता नाही, हे तिथेच ठरलं. एक किंमत पुरे.
३. जुळल्या तर घाई करू नका. सगळी पदं डावीकडे आणा आणि सरळ रूप द्या.
४. शेवटी ० = ० उरलं तर नित्यसमानता. −४ = ० असं काही उरलं तर उकल नाही. अक्षर शिल्लक राहिलं तर ते समीकरण, आता सोडवा.

तीन उदाहरणं घेऊ, दिसायला भावंडंच.

(क्ष + १)² = क्ष² + २क्ष + १ यात सगळं डावीकडे आणलं की ० = ०. नित्यसमानता.
(क्ष + १)² = क्ष² + २क्ष + ५ यात उरतं −४ = ०. एकही उकल नाही.
(क्ष + १)² = क्ष² + ७ यात उरतं २क्ष − ६ = ०, म्हणजे क्ष = ३.

शेवटच्या ओळीत पहिल्या पायरीला नेमकी ३ ही किंमत घेतली असती तर? डावीकडे १६, उजवीकडे १६. जुळलं म्हणून थांबलात की फसलात. जुळणं हा पुरावा नाही, न जुळणं मात्र पक्का पुरावा आहे.

किती किमती जुळल्या म्हणजे पुरे?

हे समीकरण घ्या: क्ष³ + ११क्ष = ६क्ष² + ६.

क्ष = १ ठेवा: १ + ११ = १२, उजवीकडे ६ + ६ = १२.
क्ष = २ ठेवा: ८ + २२ = ३०, उजवीकडे २४ + ६ = ३०.
क्ष = ३ ठेवा: २७ + ३३ = ६०, उजवीकडे ५४ + ६ = ६०.

तीन वेळा जुळलं. इथे बहुतेकांची खात्री पटते. आता क्ष = ४ ठेवा: ६४ + ४४ = १०८, उजवीकडे ९६ + ६ = १०२. गेलं.

असं का झालं? सगळं डावीकडे आणलं की क्ष³ − ६क्ष² + ११क्ष − ६ उरतं, आणि त्याचे अवयव (क्ष − १)(क्ष − २)(क्ष − ३) आहेत. म्हणजे १, २ आणि ३ ही या समीकरणाची तीन मुळं, म्हणजेच उकली, आणि आपण नेमकी तीच ठेवून पाहत होतो. तिसऱ्या कोटीच्या बहुपदीला तीनपेक्षा जास्त मुळं असू शकत नाहीत, त्यामुळे चौथ्या किमतीला ती उघडी पडणारच.

यातून एक कामाचा नियम मिळतो. एकाच अक्षराच्या दोन बहुपदी असतील, त्यांतली मोठी कोटी ‘न’ ही संख्या असेल, आणि त्या (न + १) वेगवेगळ्या किमतींना जुळल्या तर ती नित्यसमानता आहेच. दुसऱ्या कोटीला तीन किमती पुरतात, तिसरीला चार. हा अंदाज नव्हे, सिद्धता आहे. दोन अक्षरं असतील तर हा नियम असाच्या असा लागू होत नाही, तिथे विस्तार करूनच पाहा.

बहुपदी सोडून बाहेर पडलात की मात्र किमती मोजण्यात अर्थ नाही. साइन(१८०क्ष°) = ० यात क्ष ला १, २, ३ पासून १००० पर्यंतची कुठलीही पूर्ण संख्या द्या, प्रत्येक वेळी खरं. क्ष = १/२ दिलं की साइन ९०° म्हणजे १. दहावीच्या त्रिकोणमितीत हीच गडबड लहान रूपात भेटते. साइन अ + कोसाइन अ = १ हे अ = ०° ला खरं, ९०° ला खरं, आणि सोप्या म्हणून नेमक्या याच किमती ठेवल्या जातात. ४५° ला बेरीज सुमारे १.४१४ येते. साइन²अ + कोसाइन²अ = १ ही मात्र खरोखरची नित्यसमानता.

आणि (अ + ब)² = अ² + ब² ही सदाबहार चूक? तिला ‘चूक’ म्हणून सोडून देण्यापेक्षा समीकरण म्हणून सोडवा. डावीकडे विस्तार केला की २अब = ० उरतं. म्हणजे अ किंवा ब यांपैकी एक शून्य असेल तेव्हाच ते खरं. पडताळताना ज्याने शून्य ठेवलं त्याला ते बरोबरच वाटतं.

‘सर्व किमती’ म्हणजे कोणत्या?

(क्ष² − ४)/(क्ष − २) = क्ष + २ यात क्ष = २ ठेवता येत नाही, डावीकडे छेद शून्य होतो. तरीही ही नित्यसमानताच, फक्त ‘क्ष ≠ २’ हे शेपूट लावून. जिथे दोन्ही बाजूंना अर्थ आहे तिथे सगळीकडे खरी असली की झालं. १ + टॅन²अ = सेक²अ याचंही तसंच, अ = ९०° ला टॅन आणि सेक दोन्ही नाहीत.

√(क्ष²) = क्ष ही ओळ वेगळी. इथे क्ष = −५ ठेवायला कुणाची हरकत नाही, डावीकडे √२५ = ५ येतं, उजवीकडे −५. म्हणजे ही ओळ शून्य आणि धन संख्यांसाठी नित्यसमानता, सर्व वास्तव संख्यांसाठी नाही.

एक समज इथेच खोडून काढू. असंख्य उकली म्हणजे नित्यसमानता, असं नाही. २क्ष + ३य = १२ ला असंख्य उकली आहेत: (०, ४), (३, २), (६, ०) आणि पुढे कितीतरी. पण (१, १) ठेवा, ५ = १२ होतं. असंख्य आणि सर्व या दोन शब्दांत आख्ख्या प्रतलाचा आणि एका रेषेचा फरक आहे.

सिद्ध करताना

समीकरण सोडवताना आपण दोन्ही बाजूंवर सारखी क्रिया करतो, कारण ते खरं आहे असं धरूनच निघालेलो असतो. नित्यसमानता सिद्ध करताना तेच धरता येत नाही, कारण सिद्ध करायचंय तेच ते. म्हणून एका बाजूने, शक्यतो अवघड दिसणाऱ्या बाजूने निघायचं आणि पायरी-पायरीने दुसरीपर्यंत पोचायचं. दोन्ही बाजूंचा वर्ग करून ‘जुळलं’ म्हणणाऱ्याला हे दाखवा: −३ = ३, दोन्हींचा वर्ग करा, ९ = ९. जुळलं की!

एक नमुना जवळून पाहू. सिद्ध करा: (अ + ब)² − (अ − ब)² = ४अब.

डावी बाजू = अ² + २अब + ब² − (अ² − २अब + ब²)

घात इथे होतो. कंसामागचं वजा तिन्ही पदांना लागतं. पण लिहिताना पहिल्या पदाला लागतं आणि नजर पुढे जाते: अ² + २अब + ब² − अ² − २अब + ब². यातून २ब² उरतं आणि ४अब कुठे गेलं हे शोधण्यात दहा मिनिटं जातात. नीट केलं तर − अ² + २अब − ब², आणि उरतं ४अब.

चूक कुठल्या पायरीला झाली हे शोधायचं असेल तर अ = ३, ब = ५ घ्या. मूळ डावी बाजू ६४ − ४ = ६०. आता प्रत्येक पायरीत हेच आकडे ठेवत जा. ज्या ओळीला ६० येणं बंद झालं (वरच्या चुकीत २ब² म्हणजे ५० येतं), चूक त्याच ओळीत. नित्यसमानतेत प्रत्येक पायरीची किंमत सारखीच राहते, म्हणून ही युक्ती चालते.

त्याच कारणाने बरोबरची साखळी जपून लिहा. ३ + ४ = ७ × २ = १४ असं लिहिणाऱ्याच्या मनात ‘आणि मग’ असतं, पण कागदावर ३ + ४ = १४ झालेलं असतं.

सोडवताना उकली हरवतात आणि उपऱ्या येतात

क्ष² = ५क्ष. दोन्ही बाजूंना क्ष ने भागलं की क्ष = ५. सुटसुटीत, आणि अर्धवट. क्ष = ० हीसुद्धा उकल होती; क्ष ने भागताना तिला दाराबाहेर काढलं. अक्षराने भागू नका. सगळं डावीकडे आणून क्ष(क्ष − ५) = ० करा.

उलटा प्रकार वर्ग करताना. √(क्ष + ६) = क्ष. वर्ग केला की क्ष² − क्ष − ६ = ०, म्हणजे क्ष = ३ किंवा क्ष = −२. पण −२ मूळ समीकरणात ठेवा: डावीकडे √४ = २, उजवीकडे −२. ही उकल उपरी, वर्ग करताना घुसलेली. म्हणून वर्ग केला किंवा अक्षर असलेल्या छेदाने गुणलं की मूळ समीकरणात किंमत ठेवून ताळा घेणं सक्तीचं.

‘पक्षांतर केलं की चिन्ह बदलतं’ हा पाठ केलेला नियमही थोडा उलगडून ठेवा. ‘पक्ष’ हा शब्द जुना आहे. भास्कराचार्यांच्या ‘बीजगणित’ या ग्रंथात (११५०) बरोबरचं चिन्ह नव्हतंच. दोन पक्ष एकाखाली एक मांडत, अज्ञाताला ‘यावत्तावत्’ मधला ‘या’ आणि आकड्याला ‘रूप’ मधला ‘रू’. आपलं पोह्यांचं बिल तिथे असं दिसलं असतं:

या ३ रू २०
या ० रू १४०

खालून वरून २० वजा केले की या ३ बरोबर रू १२०. दोन रेघांचं चिन्ह रॉबर्ट रेकॉर्ड या गणितज्ञाने १५५७ मध्ये छापलं. या जुन्या मांडणीत दिसतं की काही ‘पलीकडे जात’ नाही, दोन्ही पक्षांतून सारखंच वजा होतं. हे डोक्यात असलं की ३क्ष = १२० मधला ३ पलीकडे नेताना ‘−३’ करण्याची चूक होत नाही.

असमानतेलाही (३क्ष + २० < १४०) हीच रीत, फक्त ऋण संख्येने गुणलं किंवा भागलं की चिन्हाचं तोंड फिरवा.

सूत्र, ‘समजा’ आणि अक्षरांची कामं

सूत्र हे दोन राशींमधलं ठरलेलं नातं. फॅरनहाइट = (९/५) × सेल्सिअस + ३२ हे सगळ्या तापमानांना लागू. मे महिन्यात नागपूरचा पारा ४५ ला टेकला तर ८१ + ३२ = ११३ फॅरनहाइट; ही नुसती किंमत काढणं झालं. ‘दोन्ही मापांत आकडा सारखा कधी येईल?’ असं विचारलं की त्याच सूत्रातून समीकरण जन्मतं: क्ष = (९/५)क्ष + ३२, उकल −४०. आपल्या उन्हाळ्याशी त्याचा संबंध नाही, पण गणित चोख.

‘समजा म = क्ष²’ यातलं बरोबर तिसऱ्याच जातीचं. इथे सोडवायचं नाही, सिद्धही करायचं नाही, नुसतं नाव ठेवलंय. कॉम्प्युटरच्या प्रोग्रॅममधलं क = क + १ याच घरचं. बीजगणितात वाचलं तर ० = १ होईल.

अ·क्ष² + ब·क्ष + क = ० यात अक्षरं चार, पण चल (ज्याची किंमत बदलते ते अक्षर) एकच, क्ष. अ, ब, क हे आधीच ठरलेले आकडे, फक्त सांगितलेले नाहीत. अ ≠ ० ही अट त्यांच्यासाठीच असते, कारण अ = ० झाला तर वर्गसमीकरणच उरत नाही. आणि अ, ब, क तिन्ही शून्य झाले तर? ० = ०. समीकरणाची नित्यसमानता झाली.

यावरच सहगुणक जुळवण्याची रीत उभी आहे. क्ष² + ३क्ष + ५ = अ(क्ष − १)² + ब(क्ष − १) + क हे क्ष च्या सर्व किमतींना खरं हवंय, तर अ, ब, क काढा. क्ष = १ ठेवा, उजवीकडे फक्त क उरतो: क = ९. क्ष² चे सहगुणक जुळवा: अ = १. क्ष चे जुळवा: −२अ + ब = ३, म्हणजे ब = ५. न वापरलेल्या स्थिरपदावर ताळा घ्या: अ − ब + क = १ − ५ + ९ = ५. जमलं.

हीच रीत समीकरणावर चालवली तर काय होतं तेही पाहून घ्या. क्ष² + ३क्ष = ५क्ष + ८ यात सहगुणक जुळवले तर १ = ०, ३ = ५, ० = ८. तिन्ही खोटं, तरी समीकरणाला ४ आणि −२ या दोन उकली आहेतच.